डोंगराची नीळ

मी एकदा झाडांच्या घामाला आग समजले आणि अख्खा धनगरवाडा डोंगरावर पळवला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की म्हातारी शहाणपण शिकवायला बसली. शहाणपण माझ्याकडं खरं तर तेव्हाच जास्त होतं. मॅट्रिक पास, भूगोलात वर्गात पहिली, मनगटावर लग्नातलं घड्याळ, आणि शहरातल्या राजारामपुरीतनं उचलून थेट राधानगरीच्या वरच्या अंगाला जंगलात संसार. आमचे हे फॉरेस्ट गार्ड. चौकीला लागून दोन खोल्या, पुढं अंगण, आणि अंगणातल्या जांभळीच्या फांदीला तारेनं टांगलेला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा. नियम एकच. वणवा दिसला की सळईनं रूळ बडवायचा. तो ऐकला की खालच्या धनगरवाड्यातली माणसं हातातलं काम टाकून वर येत आणि हिरव्या डहाळ्या तोडून आग झोडपत. हे फेरीवर गेले की रूळ माझ्या ताब्यात. कलेक्टरला जिल्हा मिळाल्यावर जसं वाटत असेल तसं मला त्या तुकड्याबद्दल वाटायचं.

शिमगा तोंडावर आला होता. दुपारची मी अंगणात आले तर समोरचा डोंगर निळा. सकाळी हिरवा होता, आता त्याच्यावर निळसर धुरकट काहीतरी पसरलेलं, कडा पुसट झालेल्या. मी पदर खोचला आणि रूळ बडवायला लागले. बडवता बडवता डोळ्यांपुढं पेपरातला माझा फोटोही येऊन गेला, खाली ‘गार्डच्या पत्नीचे प्रसंगावधान’. फोटोत मी घड्याळाचा हात पुढं धरला होता.

माणसं आली, डहाळ्या तोडून वर पळाली, तास-दीड तासानं घामेजून खाली आली. वर आग नव्हती. एक शेकरू होतं म्हणे, तेही यांच्याकडं बघून दुसऱ्या झाडावर गेलं.

“गार्डीणबाई, वणवा कुठं हाय? का घरातच ठिवलाय?”

“आग न्हवं बाई ती. डोंगराला घाम आलाय. पुसायला गेलतो आमी.”

त्या दिवसापासनं माझं नाव वणवाबाई पडलं. पाणी भरायला गेलं की बायका घागरीवर टकटक वाजवायच्या आणि एकमेकींना विचारायच्या, “कुठं लागली गं?” मीही हसायचे. हसले नाही तर आणखी हसतील, एवढी अक्कल होती.

वाड्यातला धोंडीबा मात्र हसला नाही. त्याची म्हैस त्या दुपारी विणीला लागली होती. रेडकाचे पुढचे पाय दिसत होते. रूळ ऐकला तसा तो उठून पळाला. परत आला तेव्हा रेडकू अर्धं बाहेर, मेलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणाच्या कडेला येऊन उभा राहिला. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, “वैनी, पुढल्या बारीला रूळ बडवायच्या आदुगर नीट बघा.”

हा किस्सा आमच्या घरात मी इतक्यांदा सांगितलाय की नातवंडांना पाठ आहे. बारशाला, साखरपुड्याला, पाहुणे कंटाळले की कोणीतरी म्हणतंच, “आज्जी, ते घामाचं सांग की.” मी सांगते. पण रेडकू वगळते, आणि रेडकाच्या पुढचं तर सगळंच.

यंदा फाल्गुन लागला. राजारामपुरीत तो झाडांवरनं कमी आणि कपड्यांवरनं जास्त कळतो. दोरीवरचा पांढरा परकर संध्याकाळी काढला की झटकावा लागतो. कुठं पाचट जळतंय, कुठं गटारीचं काम चाललंय, खाली क्लासच्या पोरांच्या गाड्या. सगळं तिसऱ्या मजल्यावर माझ्या खिडकीत येऊन बसतं. अशात माझी नात अनघा जंगलातनं आली आणि मला चिकटून बसली. तिच्या ओढणीचा वास आला तशी मी ती नाकाला लावली.

“आज्जी, काय हुंगतेस मांजरीसारखी?”

“कुठं गेलतीस?”

“तिकडंच. तुमच्या चौकीच्या डोंगरावर. पेटी लावलीय तिथं आमची.”

अनघा हवेचा अभ्यास करते. जंगलात खांबावर एक स्टीलची पेटी लावलीय, ती दिवसभर हवा ओढते आणि हवेतल्या कण्या मोजते. मी विचारलं, पीठ चाळल्यासारखं का? ती म्हणाली, चाळणीतनं काय, कशातनंही निसटतील इतक्या बारीक. मग म्हणाली, “झाडांचा वास उडून जातो असंच वाटतं ना तुला?”

“जातोच की. नाहीतर नाकं चोंदली असती सगळ्यांची.”

ती उठली, स्वयंपाकघरात गेली, फळीच्या वरच्या कडेवरनं बोट फिरवलं आणि ते माझ्यासमोर धरलं. पिवळट, चिकट.

“हे काय?”

“चिकटा. तुझ्या आईनं पुसला नाही.”

“ही तुझी फोडणी आहे, आज्जी. वास आला, वास गेला असं आपण म्हणतो. तो जात नाही. चिकटतो.”

मग तिनं मला समजेल असं सांगितलं. ऊन तापलं की पानं एक प्रकारची वाफ सोडतात. हिरड्याची वेगळी, जांभळीची वेगळी. किडीनं कुरतडलेलं, पाण्याला तहानलेलं झाड आणखी वेगळीच सोडतं. तोच आपल्याला येणारा जंगलाचा वास. वर गेल्यावर ऊन आणि हवा मिळून त्या वाफेला बदलतात, ती जड होते, चिकट होते. मग चिकट चिकटाला धरतं आणि जिथं काही नव्हतं तिथं एक कणी तयार होते. दिवसभर तिच्यावर आणखी वाफ बसत जाते, कणी फुगत जाते. अशा अगणित झाल्या की ऊन त्यांच्यावर आपटून विखुरतं, आणि त्यातला निळा उजेड जास्त विखुरतो. म्हणून लांबचा डोंगर निळा दिसतो. आणखी मोठ्या झाल्या की त्यांच्यावर पाणी धरतं. ढगातला थेंब नुसत्या हवेत धरत नाही, त्याला पोटात कसली तरी कणी लागते. जंगलावरच्या ढगात ती कित्येकदा झाडांचीच असते.

मी ऐकत होते. ऐकता ऐकता तोंडातनं निघून गेलं, “म्हणजे बायजा म्हणायची तेच.”

“बायजा कोण?”

घामाच्या किश्श्यात बायजा नसते, त्यामुळं अनघाला ती माहीत असायचं कारण नव्हतं.

बायजा धोंडीबाची बायको. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. दर गुरुवारी लोण्याचा गोळा पानात बांधून आणायची. रेडकू मेल्यावर पहिल्या गुरुवारी ती रिकाम्या हातानं आली आणि पायरीवर बसली.

“लोणी न्हाय आता. म्हस पान्हा चोरती.”

मी मान खाली घालून तांदूळ निवडायला लागले. निवडून झालेले तांदूळ पुन्हा निवडत होते. तिनं ते बघितलं आणि माझ्या हातातलं सूप काढून घेतलं.

“उठा. चला, दावती तुमास्नी.”

चौकीमागं काळ्या कातळाचा सडा होता. दुपारचा इतका तापलेला की चपलेतनं चटका बसायचा, आणि बायजा अनवाणी. तिनं समोरचा डोंगर दाखवला. तीच निळाई.

“काय दिसतंय?”

“धूर.” मी म्हणाले. मॅट्रिक पास.

“धूर न्हवं त्यो. नीळ. धुतल्या धोतराला तुमी नीळ घालताय की न्हाय? तशी उनाचा ताव आला की झाडं डोंगराला नीळ घालत्यात. दम टाकत्यात ती. माणसानं वजं उचलल्यावर टाकावा तसा.” तिनं वाकून कसलंतरी पान खुडलं, तळहातावर चोळून माझ्या नाकाशी धरलं. कडू-गोड, डोक्यात जाणारा वास. “ह्येच वर जातंय. ह्येच तिथं दिसतंय.”

“मग आग कशी ओळखायची?”

“बुडाकडं बघायचं. धुराला बूड असतंय वैनी. एका जाग्यावरनं उठतोय त्यो. निळीला बूड नसतंय. ती समद्या डोंगरावर सारकी बसती.”

मी परीक्षेचं पाठ करावं तसं ते पाठ केलं. बायजाला शाळेचं तोंड माहीत नव्हतं. अनघाच्या पेटीला ते कळायच्या कितीतरी आधी तिनं ते तळहातावर चोळून दाखवलं होतं.

नऊ-दहा दिवस गेले. शिमगा होऊन गेला. बायजा सकाळी अंगणावरनं गेली, डोक्यावर पाटी. डोंगरापल्याडच्या नाळेत, त्या अरुंद उभ्या घळीत, हिरडा वेचायला निघाली होती. “येताय काय?” म्हणाली. माझा गव्हाचा चीक शिजून तयार होता. मी म्हटलं, कुरडया घालायच्यात. “घाला, घाला. मला ठिवा दोन,” म्हणाली आणि गेली. मी जुन्या साडीवर कुरडया घातल्या. पांढऱ्याशुभ्र, गोल, मन लावून. हे फेरीवर होते.

दुपारी उठून बघते तर डोंगराला नीळ चढलेली. पण माथ्यावर जरा दाट. मी सळई हातात घेतली. हात उचललासुद्धा. मग आठवलं, नीट बघा. मग आठवलं, बूड. मी सळई तशीच धरून बघत राहिले. बूड कुठं दिसेना. माथ्याच्या एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत सारखं पसरलेलं होतं. किंचित पिवळट वाटलं, पण उन्हाचं असेल म्हटलं. बूड डोंगराच्या पल्याड होतं. डोंगराला मागची बाजू असते हे भूगोलात पहिल्या आलेल्या बाईच्या ध्यानात आलं नाही.

मी सळई जांभळीला टेकवून ठेवली. घड्याळात बघितलं, दीड वाजला होता. आत जाऊन भात टाकला. मला आनंद झाला होता, तेवढं लिहिलंच पाहिजे. बायजा खाली आली की तिला काय सांगायचं ते वाक्यही मी जुळवून ठेवलं होतं: “आज नीळ दाट होती, पण मी काही फसले नाही.” भात शिजला, पेज काढून ठेवली. मग कुरडया उलटायला बाहेर आले.

एका कुरडईवर काळं काहीतरी पडलं होतं. गवताचं पातं, जळून वळलेलं. चिमटीत धरलं तर त्याची राख झाली आणि कुरडईला काळा डाग पडला. मी तो पुसायला लागले. पुसत असताना शेजारच्या कुरडईवर दुसरं पडलं.

तेव्हा रूळ बडवला. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. हात दुखून येईपर्यंत बडवला. खालनं कोणी हललं नाही. कोणीतरी ओरडून विचारलं, “वणवाबाई, आज काय करपलं? भात काय?” मी बडवत राहिले. मग माथ्यावरनं जाळ अलीकडं आला, तो त्यांना त्यांच्या डोळ्यांनी दिसला, तेव्हा माणसं पळाली. धोंडीबा सगळ्यांत शेवटी आला. सगळे म्हणत होते, तो म्हशीला घेऊन ओढ्याला होता, तिथं रूळ ऐकू जात नाही.

पल्याड कोणीतरी गवत पेटवलं होतं. जुनं जळलं की नवं गवत चांगलं फुटतं म्हणून दर वर्षी कोणीतरी पेटवतंच. कोणी, ते त्या वर्षीही कोणी विचारलं नाही. नाळेत आग चुलीच्या धुराड्यात चढावी तशी चढते. बायजा नाळेच्या वरच्या तोंडाशी सापडली. आणखी थोडा वेळ मिळता तर ती बाहेर आली असती. संध्याकाळी तिला घोंगड्यात घालून खाली आणलं. घोंगड्यातनं वास येत होता. त्याला लाकडाचा म्हणावं असं मी मनाशी ठरवलं. अंगणात माझ्या कुरडया तशाच पसरलेल्या होत्या. माणसांना बायजाला घेऊन जाण्यासाठी त्या ओलांडाव्या लागल्या. एकानंही त्यावर पाय पडू दिला नाही.

रात्री ह्यांनी नोंदवही काढली. “किती वाजता दिसला?”

मी घड्याळाच्या हातानं कपाळावरचे केस मागं सारले. “दोन वाजून दहा मिनिटांनी.”

ह्यांनी लिहिलं. लिहून झाल्यावर म्हणाले, “लगेच रूळ वाजवलास ते बरं केलंस.” हे गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत त्यांचा असाच समज होता. घड्याळ मी पुढं कधी घातलं नाही. बिघडलंय म्हणून सांगत राहिले, मग ते खरंच बिघडलं.

हे सगळं मी अनघाला यंदा सांगितलं. तिनं मधे एकदाही “आज्जी, तुझी काय चूक” असं म्हटलं नाही, त्याबद्दल मी तिची आभारी आहे. बराच वेळ ती बोटाला लागलेला चिकटा दुसऱ्या बोटानं काढत होती. मग म्हणाली, “आमच्या पेटीलासुद्धा पटकन कळत नाही, आज्जी. झाडांच्या वाफेच्या कण्या आणि वणव्याच्या धुरातल्या कण्या, दोन्हीत बरंचसं तेच असतं. झाडच असतं ना शेवटी. आम्हालाही नंतर लॅबमध्ये कळतं.”

नंतर मलाही कळलंच की.

परवा तिच्याबरोबर मी वर जाऊन आले. गुडघे नको म्हणत होते, पण पेटी बघायची होती. चौकी पडलीय. जांभूळ आहे. रूळ कोणी नेला कोण जाणे, पण तार अजून आहे. फांदी तिच्याभोवती वाढून तिला गिळून बसलीय, एका बाजूनं गंजकं टोक तेवढं बाहेर. पेटी खांबावर बारीक घूं घूं करत हवा ओढत होती. दुपार होती, ऊन तापलं होतं, आणि समोरचा डोंगर नीळ चढवून उभा होता, अगदी तसाच. जळालेल्या जागी पुन्हा झाडं आलीत. ती दम टाकतायत. मी तिथं उभी राहून बुडाकडं बघत होते. अनघानं दोनदा हाक मारली तेव्हा हलले.

एक मात्र मी तिला विचारलं नाही. ढगातल्या थेंबाच्या पोटात झाडाची कणी असते, तशी धुरातलीही असत असेल. त्या वर्षी जंगलावर जे ढग आले त्यांच्या पोटात काय काय होतं, हे तिला ठाऊक असेल. मला नको होतं.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ह्यांची बदली झाली. फाट्यापर्यंत आमची ट्रंक कोण नेणार म्हणून विचारायच्या आधीच धोंडीबा येऊन उभा राहिला. बायजाला जाऊन अडीच-तीन महिने झाले होते. त्यानं ट्रंक डोक्यावर घेतली आणि माझ्यापुढं चालायला लागला. डोंगराचा तो भाग काळा होता, वाट त्याच्या कडेनं जायची. फाट्यावर एस.टी. लागली होती. हे कंडक्टरशी बोलायला पुढं गेले, धोंडीबा ट्रंक घेऊन मागच्या शिडीनं टपावर चढला. तो उतरेपर्यंत मी शिडीशी उभी राहिले. आज नाही बोलले तर कधीच बोलणार नाही, एवढं मला माझ्याबद्दल ठाऊक होतं.

तो खाली उतरला तशी मी म्हणाले, “धोंडीबा, मी खोटं सांगितलं सगळ्यांना. धूर मला दीडलाच दिसला होता. तुम्ही म्हणाला होता नीट बघा, म्हणून बघत बसले. मग भात टाकला. तेव्हाच रूळ वाजवला असता तर बायजा आज...”

त्यानं शिडीचा हात सोडला नाही. माझ्याकडं न बघता, काळ्या डोंगराकडं तोंड करून म्हणाला:

“पयला टोला मी ऐकला हुता, वैनी. म्हशीला पाणी दावत हुतो, म्हणून उठलो न्हाय.”